ब्रेक्झिट साडेतीन वर्षं का अडकलं?

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा मूळचा दिवस होता २९ मार्च २०१९. त्याच शुक्रवारी दुपारी ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाने पंतप्रधान टेरेसा मे यांनी संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार तिसऱ्यांदा फेटाळला. बाजूने २८६ मतं, विरोधात ३४४. बाहेर पार्लमेंट स्क्वेअरमध्ये 'बाहेर पडा' म्हणणाऱ्यांची गर्दी होती. त्यांच्यातले काही जण थेट संडरलंडहून निघालेल्या मोर्चातून आले होते. जेमतेम सहा दिवसांपूर्वी याच लंडनमध्ये नेमक्या उलट मागणीचा प्रचंड मोर्चा निघाला होता: पुन्हा सार्वमत घ्या. मागण्या परस्परविरोधी, पण राग एकाच इमारतीवर. हे लोक आत करतायत तरी काय?

या प्रश्नाचं सोपं उत्तर 'खासदार नालायक आहेत' हे होतं आणि तेव्हा ते घरोघर दिलं जात होतं. ते पुरेसं नाही. खासदार भांडत होते, हटून बसले होते, हे खरं. पण कोंडीची मुळं प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत, आयर्लंडच्या नकाशात आणि मतदानाच्या गणितात होती.

प्रश्न एक, उत्तरं अनेक

२३ जून २०१६ च्या सार्वमतात पर्याय दोनच होते: संघात राहायचं की संघ सोडायचा. ७२.२ टक्के मतदान झालं आणि ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी 'सोडायचा' जिंकलं. इंग्लंड आणि वेल्सचा कौल सोडण्याकडे होता. स्कॉटलंडमध्ये मात्र ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं. सोडून जायचं कुठे, हे मतपत्रिकेवर नव्हतं. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत 'इमारत पाडून नवी बांधायची' हा ठराव बहुमताने मंजूर होतो आणि बिल्डर कोणता, कार्पेट एरिया किती यावर पुढची पाच वर्षं निघून जातात, तसंच इथे झालं.

बाहेर पडण्याचे प्रकार समजून घ्यायचे तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. 'कस्टम्स युनियन' म्हणजे आत एकमेकांच्या मालावर जकात नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांची जकात सारखी. 'एकल बाजारपेठ' म्हणजे वस्तू, सेवा, भांडवल आणि माणसं यांना सगळीकडे मोकळीक आणि त्यासाठी नियमही सारखे: खेळण्यातला रंग किती सुरक्षित असावा इथपासून मांसाच्या तपासणीपर्यंत. नॉर्वे एकल बाजारपेठेत आहे, पण कस्टम्स युनियनमध्ये नाही. म्हणून नॉर्वेहून स्वीडनला जाणाऱ्या मालाचे कस्टम्सचे कागद करावेच लागतात. तुर्कस्तानचं उलट आहे. औद्योगिक मालापुरता तो कस्टम्स युनियनमध्ये आहे, पण एकल बाजारपेठेत नाही. त्यामुळे बल्गेरियाच्या सीमेवर तुर्की ट्रकच्या रांगा लागतात. सीमेवर ट्रक थांबूच नये असं वाटत असेल, तर दोन्ही लागतात.

ब्रिटनपुढचे रस्ते असे होते. नॉर्वेसारखं राहिलं तर व्यापाराला धक्का कमी, पण युरोपातल्या लोकांची ये-जा चालू राहणार, पैसे भरावे लागणार आणि ज्या नियमांवर आपलं मत नाही ते पाळावे लागणार. फक्त कस्टम्स युनियन ठेवली तर मालावर जकात नाही, पण भारत किंवा अमेरिकेशी स्वतंत्रपणे जकात कमी-जास्त करता येणार नाही. कॅनडासारखा मुक्त व्यापार करार केला तर मोकळीक भरपूर, पण प्रत्येक खेपेला कागदपत्रं. आणि करारच झाला नाही तर जागतिक व्यापार संघटनेचे दर लागू. मोटारींवर १० टक्के. 'सोडायचा' म्हणणाऱ्या १ कोटी ७४ लाख मतदारांमध्ये यातल्या प्रत्येक रस्त्याचे समर्थक होते.

मे यांनी १७ जानेवारी २०१७ च्या भाषणात आपली रेषा आखली: एकल बाजारपेठ सोडणार, कस्टम्स युनियनही सोडणार, युरोपीय न्यायालयाचा अधिकार संपवणार. विरोधकांशी किंवा स्वतःच्या पक्षातल्या दुसऱ्या गटाशी आधी बोलून त्यांनी ही रेषा आखली असती तर पुढचा रस्ता निदान मोजता आला असता. तसं झालं नाही, आणि माझ्या मते पुढच्या दोन वर्षांतल्या कोणत्याही एका मतदानापेक्षा ही चूक मोठी होती.

आयर्लंडची सीमा: तीन वचनं, जागा दोघांनाच

उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग, तर आयर्लंड हा स्वतंत्र देश आणि युरोपीय संघाचा सदस्य. दोघांमधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची आणि ती ओलांडणारे रस्ते दोनशेहून अधिक. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारापूर्वी या सीमेवर लष्करी चौक्या होत्या. उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडशी एक व्हायचं, या वादातल्या तीन दशकांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. आज तिथे रस्त्याच्या कडेला वेगमर्यादेची पाटी मैलांवरून किलोमीटरवर जाते, तेवढाच फरक दिसतो. तिथे पुन्हा चौकी उभारायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

ब्रिटिश सरकारने एकाच वेळी तीन वचनं दिली होती. एक, आयर्लंडच्या बेटावर तपासणीची सीमा येणार नाही. दोन, उत्तर आयर्लंड आणि उरलेला ब्रिटन यांच्यात समुद्रातही सीमा येणार नाही. तीन, अख्खा ब्रिटन एकल बाजारपेठ आणि कस्टम्स युनियन सोडेल. यातली कुठलीही दोन पाळता येतात, तिन्ही एकत्र नाही. नियम आणि जकात जिथे बदलतात तिथे माल कुठेतरी तपासावा लागतो; जमिनीवर नाही तर समुद्रात.

मे यांच्या करारात यावर तोडगा होता 'बॅकस्टॉप'. भविष्यातल्या व्यापार करारातून सीमेचा प्रश्न सुटला नाही, तर अख्खा ब्रिटन युरोपीय संघासोबत एकाच सीमाशुल्क क्षेत्रात राहील आणि उत्तर आयर्लंड काही जास्तीचे नियम पाळेल. म्हणजे तिसरं वचन बाजूला ठेवलं गेलं. अडचण अशी की यातून एकतर्फी बाहेर पडायची सोय नव्हती. १२ मार्च २०१९ ला, दुसऱ्या मतदानाच्या दिवशीच, सरकारचे स्वतःचे अॅटर्नी जनरल जेफ्री कॉक्स यांनी लेखी मत दिलं की ब्रिटन कायमचा अडकण्याची कायदेशीर जोखीम बदललेली नाही. त्या संध्याकाळी करार पडणार हे त्या मताने नक्की केलं.

बहुमत कुणालाच नाही

कॉमन्समध्ये ६५० जागा आहेत. सभापती आणि तीन उपसभापती मत देत नाहीत. शिन फेन या आयरिश पक्षाचे तेव्हाचे ७ खासदार ब्रिटिश राजनिष्ठेची शपथ घेत नाहीत, म्हणून सभागृहात बसतच नाहीत. उरले ६३९, म्हणजे खरं बहुमत ३२० चं. मे यांनी बहुमत वाढवायला जून २०१७ मध्ये मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि त्यांचा हुजूर पक्ष ३१७ वर घसरला. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावा म्हणणाऱ्या तिथल्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टीच्या १० खासदारांवर सरकार उभं राहिलं, आणि समुद्रातल्या सीमेला सर्वांत कडवा विरोध नेमका त्यांचाच होता.

डिसेंबर २०१७ मध्ये हुजूर पक्षाचेच डॉमिनिक ग्रीव्ह यांची दुरुस्ती ३०९ विरुद्ध ३०५ मतांनी मंजूर झाली: करारावर संसदेची मंजुरी घेतल्याशिवाय तो अमलात आणता येणार नाही. चार मतांच्या फरकाने सगळी सूत्रं सभागृहाकडे आली.

१५ जानेवारी २०१९: करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. आधुनिक काळातला कुठल्याही ब्रिटिश सरकारचा हा सर्वांत मोठा पराभव. मे यांच्याच पक्षाच्या ११८ जणांनी विरोधात मत दिलं. १२ मार्चला ३९१ विरुद्ध २४२. पक्षातले विरोधक ७५. त्यानंतर सभापती जॉन बर्को यांनी १६०४ पासूनचा संकेत काढला: एकाच अधिवेशनात तोच ठराव पुन्हा पुन्हा मांडता येत नाही. म्हणून तिसऱ्या वेळी सरकारने भविष्यातल्या संबंधांचं निवेदन वगळून फक्त माघारीचा करार मतदानाला ठेवला. फरक ५८ वर आला, पक्षातले विरोधक ३४ वर. हिशेब करून पाहा: ते ३४ जण बाजूने आले असते तर ३२० विरुद्ध ३१० ने करार मंजूर झाला असता. त्या ३४ पैकी २८ ब्रेक्झिटचे कट्टर समर्थक होते आणि ६ जण युरोपशी जवळीक हवी असलेले. करार एकाच वेळी दोन उलट कारणांसाठी पडत होता. एका गटाला तो फारच मवाळ वाटत होता, दुसऱ्याला फारच कडक. आणि थोडं थांबलं तर आपल्या मनासारखं होईल अशी दोघांनाही आशा होती.

मग सरकार बाजूला ठेवून सभागृहाने स्वतः पर्याय तपासायचं ठरवलं. २७ मार्चला कागदी मतपत्रिकेवर आठ पर्याय, प्रत्येकावर 'हो' किंवा 'नाही'. आठही फेटाळले गेले. कराराविना बाहेर पडण्याला तर ४०० जणांनी 'नाही' म्हटलं. १ एप्रिलला चार पर्यायांची दुसरी फेरी झाली. कस्टम्स युनियन २७३ विरुद्ध २७६, म्हणजे फक्त तीन मतांनी हुकली. करार जनतेपुढे ठेवण्याच्या पर्यायाला सर्वाधिक २८० 'हो' मिळाले, पण 'नाही' निघाले २९२. नॉर्वेच्या धर्तीचा पर्याय २६१ विरुद्ध २८२. तो मांडणारे निक बोल्स यांनी निकाल ऐकून सभागृहातच हुजूर पक्ष सोडल्याचं जाहीर केलं.

इथे पद्धतीची चूक स्पष्ट दिसते. पुन्हा सार्वमत हवं असणाऱ्या अनेकांनी कस्टम्स युनियनला मत दिलं नाही, कारण ती मंजूर झाली असती तर सार्वमताचा मुद्दाच संपला असता. 'हो-नाही'च्या मतदानात आपल्या दुसऱ्या पसंतीला मत देणं म्हणजे पहिल्या पसंतीवर पाणी सोडणं. आपल्या पदवीधर मतदारसंघात लिहितात तसे १, २, ३ पसंतीक्रम घेतले असते, तर निदान कुठल्या तडजोडीला सर्वांत कमी विरोध आहे ते बाहेर आलं असतं. ही सूचना तेव्हा झालीही होती. ती अमलात आली नाही.

घड्याळ कुणासाठी थांबत नव्हतं

युरोपीय संघाच्या कराराच्या कलम ५० नुसार नोटीस दिल्यावर दोन वर्षं मिळतात. ब्रिटनने २९ मार्च २०१७ ला नोटीस दिली. मुदत वाढवायची तर उरलेल्या २७ देशांची एकमुखी संमती लागते. संसदेने काहीच ठरवलं नाही, तर देश आपोआप कराराविना बाहेर. म्हणजे 'कराराविना नको' असं संसदेने ठरवलं तरी तेवढ्याने ते टळत नव्हतं. त्यासाठी दुसरं काहीतरी मंजूर करावं लागत होतं, आणि मंजूर तर काहीच होत नव्हतं. युरोपीय न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ ला सांगितलं होतं की ब्रिटन नोटीस एकतर्फी मागे घेऊ शकतो. तेवढा एकच दरवाजा स्वतःच्या हातात होता आणि तो उघडायला बहुमत नव्हतं.

शेवटी मुदत वाढत गेली: आधी १२ एप्रिल, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी २०२०. प्रत्येक तारखेची किंमत कुणीतरी मोजली. औषध कंपन्यांना सहा आठवड्यांचा जादा साठा करायला सांगितलं होतं. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने आणि ऑक्सफर्डच्या 'मिनी' मोटारींच्या कारखान्याने एप्रिल २०१९ मध्ये बंद ठेवायचं आधीच ठरवलं होतं, कारण २९ मार्चनंतर सुटे भाग वेळेवर येतील याची खात्री नव्हती. ब्रेक्झिट पुढे गेलं, बंद झालाच. असे बंद ऐन वेळी हलवता येत नाहीत. कामगारांच्या रजा आणि पुरवठादारांच्या ऑर्डरी महिनोन्‌महिने आधी ठरतात. सरकारने जादा फेरीसेवेचं १ कोटी ३८ लाख पौंडांचं कंत्राट जिला दिलं, त्या कंपनीकडे स्वतःचं एकही जहाज नव्हतं. ते फेब्रुवारीत रद्द करावं लागलं. डोव्हर बंदरातल्या संभाव्य कोंडीची रंगीत तालीम म्हणून जानेवारीत केंटमधल्या मॅन्स्टन धावपट्टीवरून ८९ लॉऱ्या सोडल्या गेल्या, तर डोव्हरमधून गर्दीच्या दिवशी १०,००० पर्यंत जातात. आणि '३१ ऑक्टोबर २०१९' तारीख कोरलेली ५० पेन्सची नाणी टांकसाळीला वितळवावी लागली.

माणसांच्या बाबतीत अनिश्चितता जास्त बोचरी होती, आणि इथे गोव्याचा संबंध थेट येतो. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं यांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. असे हजारो गोवेकर पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडन, साउथॉल, वेंब्ली या भागांत कामाला होते. ब्रिटनच्या कायद्यात ते युरोपीय नागरिक. करार होणार की नाही हे ठरत नसल्याने आपला हक्क कोणत्या तारखेपर्यंतचा, हेच त्यांना कळत नव्हतं. युरोपीय नागरिकांना ब्रिटनमध्ये राहण्याचा दर्जा देणारी 'सेटलमेंट स्कीम' ३० मार्च २०१९ ला सर्वांसाठी खुली झाली. ठरलेली ६५ पौंडांची फी त्याआधीच रद्द झाली होती. सलग पाच वर्षांचं वास्तव्य असेल तर कायम दर्जा, कमी असेल तर तात्पुरता. घोळ व्हायचा तो पुराव्यात. नॅशनल इन्शुरन्स क्रमांकावरून कराच्या नोंदी आपोआप तपासल्या जात, पण रोखीने पगार घेणाऱ्याची किंवा दुसऱ्याच्या नावावरच्या खोलीत राहणाऱ्याची तिथे नोंद नसे. मग बँकेचं स्टेटमेंट, मालकाचं पत्र, काउन्सिल टॅक्सचं बिल. बारा महिन्यांत एकूण सहा महिन्यांहून जास्त काळ गावी काढला तर, मान्य कारण नसल्यास, 'सलग' हा शब्दच तुटायचा. पासपोर्ट स्कॅन करायचं अॅप ऑक्टोबर २०१९ पर्यंत आयफोनवर चालतही नव्हतं.

राग कुठे कुठे फुटला

नोटीस मागे घ्या, या ऑनलाइन अर्जावर मार्च २०१९ मध्ये ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या. संसदेची वेबसाइट मध्ये मध्ये कोलमडत होती. २० मार्चच्या रात्री मे यांनी टीव्हीवरून जनतेला सांगितलं की तुम्ही कंटाळला आहात आणि मी तुमच्या बाजूने आहे, दोष खासदारांचा. खासदार जो कॉक्स यांचा सार्वमताच्या आठवडाभर आधी खून झाला होता. अनेक सदस्यांना रोज धमक्या येत होत्या. अशा वेळी पंतप्रधानांनी लोकांचा राग सभागृहाकडे वळवणं धोक्याचं होतं, आणि ज्यांची मतं हवी होती तेच त्यामुळे दुरावले.

मे २०१९ मध्ये ब्रिटनला युरोपीय संसदेची निवडणूक घ्यावी लागली, कारण तो अजून सदस्य होता. जेमतेम काही महिने जुन्या ब्रेक्झिट पार्टीने २९ जागा जिंकल्या. सत्ताधारी हुजूर पक्ष ४ जागा घेऊन पाचव्या क्रमांकावर. दुसऱ्या टोकाला लिबरल डेमोक्रॅट्सना १६. मधल्या तडजोडीची बाजू घेणारं कुणी उरलं नाही. मे यांनी राजीनामा जाहीर केला, २४ जुलैला बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले.

जॉन्सन यांनी संसद पाच आठवडे स्थगित केली. सर्वोच्च न्यायालयाने २४ सप्टेंबरला ११ विरुद्ध ० अशी ती बेकायदा ठरवली. कराराविना बाहेर पडणं रोखणारा कायदा संसदेने केला. त्याचा मार्ग मोकळा करणाऱ्या मतदानात सरकारविरुद्ध गेलेल्या २१ हुजूर खासदारांना पक्षातून काढलं गेलं. जॉन्सन यांनी निवडणूक मागितली, तर तिथेही अडसर होता: २०११ च्या कायद्याप्रमाणे मुदतपूर्व निवडणुकीला दोन-तृतीयांश म्हणजे ४३४ मतं लागत. तीनदा प्रयत्न फसला. सरकारला काम करता येत नाही, पण पाडून निवडणूकही होत नाही, अशी ती अवस्था होती. अखेर २९ ऑक्टोबरला साध्या बहुमताचं स्वतंत्र विधेयक आणून, ४३८ विरुद्ध २० मतांनी, वाट काढली गेली.

कोंडी फुटली ती अशी

ऑक्टोबरमध्ये जॉन्सन यांनी नवा करार आणला. त्यांनी दुसरं वचन बाजूला ठेवलं: उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपचे नियम पाळेल आणि तपासणी आयरिश समुद्रापलीकडच्या बंदरांवर होईल. संसदेने तो २२ ऑक्टोबरला तत्त्वतः ३२९ विरुद्ध २९९ ने स्वीकारला, पण तीन दिवसांत उरकायचं वेळापत्रक फेटाळलं. मग १२ डिसेंबरची निवडणूक. 'ब्रेक्झिट उरकून टाकू' या घोषणेवर हुजूर पक्षाला ३६५ जागा आणि ८० चं बहुमत मिळालं. मतं होती ४३.६ टक्के, २०१७ पेक्षा सव्वा टक्क्याने जास्त. विरोधातली मतं विभागली गेली होती, आणि थकलेल्या अनेकांना प्रश्न कसा सुटतो यापेक्षा तो सुटतो हे महत्त्वाचं वाटत होतं. ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ११ वाजता, म्हणजे ब्रसेल्समध्ये मध्यरात्री, ब्रिटन बाहेर पडला.

सीमेचा गुंता मात्र समुद्रात जाऊन बसला. ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला जाणाऱ्या सॉसेजवरून वाद झाला, कारण युरोपचे नियम बाहेरून येणारे, न गोठवता नुसते थंड केलेले कच्चे सॉसेज घेत नाहीत. समुद्रातल्या सीमेच्या निषेधार्थ डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टीने फेब्रुवारी २०२२ पासून उत्तर आयर्लंडचं सरकार दोन वर्षं बंद पाडलं. २०२३ च्या विंडसर आराखड्याने मालाच्या दोन वाटा केल्या: उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाला हिरवी, पुढे आयर्लंडला जाऊ शकणाऱ्याला लाल. म्हणून तिथल्या दुकानात दुधाच्या बाटलीवर 'युरोपीय संघासाठी नाही' असा शिक्का दिसतो. १० डिसेंबर २०२४ ला बेलफास्टच्या विधानसभेने ही व्यवस्था ४८ विरुद्ध ३६ मतांनी चालू ठेवली. ब्रिटनमध्येच राहू पाहणाऱ्या युनियनिस्ट पक्षांचा पाठिंबा नसल्याने नियमाप्रमाणे तिची मुदत आठऐवजी चारच वर्षांची झाली, म्हणजे हेच मतदान २०२८ मध्ये पुन्हा घ्यावं लागेल.